लग्नाआधीच अर्ज

केशवदादा,

तू म्हणतोस, आधी तुझ्या लेकीचं, प्रियूचं लग्न होऊ दे, मंग दिवाळखोरीचा अर्ज कर. आत्ताच केलास तर घराण्याची अब्रू जाईल. बाबा दवाखान्यात होते तेव्हा तू फोन उचलत नव्हतास आणि मी एकामागून एक क्रेडिट कार्ड घासून राह्यले होते. तेव्हा कुठं गेल्ती अब्रू? वसुलीवाले मांडवात येण्यापेक्षा मीच कोर्टात गेलेली बरी. उद्याच जालन्याला जाऊन अर्ज देते. वाटूरच्या व्याह्यांना कालच सगळं सांगून आले. विहीणबाईंनी चहा पाजला, सोयरीक बिलकुल मोडली न्हाई.

हे पत्र मी टाकणार न्हाई. तुला मांडवातच कळेल. 'नवरीच्या मामांनी नवरीला घेऊन यावं' असा पुकारा होईल, तेव्हा तू उठायच्या आत प्रियूचा हात मी धरलेला असेल.

बाबांची लेक,
रजनी