माझ्या माघारी चंदगडला जीप

मी, संयोगिता अमरसिंह सरनोबत, वय ४६, राहणार राजारामपुरी, कोल्हापूर, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवते. माझे डोके ठिकाणावर आहे. परवाची शस्त्रक्रिया पोटाची आहे.

१. यजमानांच्या माघारी माझ्या नावावर आलेले राहते घर कन्या निशिगंधा हिला. स्वयंपाकघराचा पत्रा गळतो, तोही तिलाच.

२. घरात माणसे दोन आणि रक्तदाब मोजायची यंत्रे तीन. तिन्ही माझा भाऊ आकाराम याने माहेरी, चंदगड तालुक्यात न्यावीत. तिथल्या दवाखान्यात रक्तदाब चेहऱ्यावरून सांगतात.

३. माझी बचत. इथे जरा सविस्तर लिहावे लागेल.

सासरे, म्हणजे आमचे आबा, आजारी पडले, त्याच पावसाळ्यात माझी आई बयाबाई तापाने पडली. सासरे नव्वदीचे. डॉक्टर पहिल्याच आठवड्यात म्हणाले, आता घरी न्या. दीर राजवर्धन गरजले, "सरनोबतांचा म्हातारा घरात मरतोय व्हय? लोक काय म्हणतील? पैशाकडं बघू नकासा, लावा मशीन!" मशीन महिनाभर चालले. भेटायला येणाऱ्यांची शहाळी ठेवायला जागा पुरेना. लग्नात किती पंगती उठल्या हे विचारावे, तशा थाटात पाहुणे विचारत, "व्हेंटिलेटरवर किती दिवस?"

आईला गावच्या सरकारी दवाखान्यात एक गोळी मिळाली. मी फोनवर म्हटले, कोल्हापूरला ये. ती म्हणाली, "एवढ्याशा तापाला कोल्हापूर? गोळी दिलीया की, बाई." ताप उतरला नाही. दवाखान्याची गाडी दारात होती, चालकाची जागा भरलेलीच नव्हती. आकारामने जीप मिळवेपर्यंत दुपार झाली. आई वाटेतच गेली. आईच्या मातीला आलेले राजवर्धन भावजी हळहळले, "आम्हांस्नी सांगायचं की, वहिनी. कोल्हापुरात आमची ओळख काय कमी हाय?"

सासऱ्यांच्या मशीनच्या एका दिवसात त्या गाडीच्या चालकाचा महिना निघाला असता.

सरकारी गाडीवर आपल्या पैशाने चालक बसवता येत नाही, म्हणून माझ्या बचतीतून आकारामने जीप घ्यावी. ती दवाखान्याच्या दारात उभी राहील. उरलेल्या रकमेच्या व्याजातून चालकाचा पगार द्यावा. जीप लग्नाला, प्रचाराला किंवा आकारामच्या सासुरवाडीला जाणार नाही.

४. माझा जीव मला हवा आहे. निशिगंधाशी अजून बरेच भांडायचे आहे. म्हणून उपचार सगळे करावेत. मात्र आता उपयोग नाही असे डॉक्टरांनी सांगितल्यावर घराण्याच्या नावासाठी मला मशीनवर ठेवू नये. तो प्रत्येक दिवस जीपमधून वजा होईल. निर्णय निशिगंधाचा. वकील म्हणाले, "बाई, हे मृत्युपत्रात बसत नाही, त्याचा कागद वेगळा." तो केला आहे. तरी इथे पुन्हा लिहिते, आणि सह्यांच्या वेळी मोठ्याने वाचणार आहे.

५. भेटायला येणाऱ्यांनी शहाळी आणू नयेत. डिझेलला हातभार लावावा.

६. ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये, असे वकिलांनी बजावले. त्यामुळे पहिले नाव लगेच सुचले.

सह्या होता होता हातानेच जोडते: वाचून झाल्यावर भावजींनी विचारले, "वहिनी, मला काय ठेवलंयसा?"

"सही," मी म्हणाले.

त्यांनी पेनाचे टोपण काढले. मग हळूच म्हणाले, "आबांचं लई हाल झालं, न्हवं?" आणि त्यांनी सही केली.

लिहून ठेवणार: संयोगिता अमरसिंह सरनोबत (सही)

साक्षीदार:
राजवर्धन सरनोबत, दीर (सही)
शांभवी शशिधर मगदूम, शेजारीण (सही)

कोल्हापूर, १४ जुलै २०२५