भंगारात गेलेलं इंजिन

रामघाट, ऑक्टोबर १९९७

आज विभागप्रमुखांनी बोलावून परदेशी मासिक पुढे केलं. "देखिए जोशीजी, जापान ने क्या कमाल किया! पेट्रोल सीधे सिलेंडर में!"

विसरले? की विसरल्याचं दाखवतात? हेच मी आमच्या प्रयोगशाळेत चार वर्षं करत होतो. तेव्हा, थेट सिलिंडरात इंधन सोडणं हे डिझेल इंजिनाचंच काम म्हणून हेच हसले होते, "डीज़ल समझ रखा है क्या?" जपान्यांच्या या गाडीला तर इंजिनात जास्त हवा दाबून भरणारा टर्बोही नाही. मी तोही बसवला होता. इंजिन खडखडत का होईना, चालत होतं.

गेल्या उन्हाळ्यात बहिणीच्या लग्नाला पुण्याला गेलो, तेवढ्यात यांनी खोली रिकामी करून इंजिन कबाड्याला दिलं. परतलो तर फरशीवर तेलाचा डाग तेवढा उरलेला. आजही तिथून जाताना डागाकडे बघणं टाळलं.

आता त्यांना माझं व्याख्यान हवंय, जपानी इंजिनावर! मी हो म्हणालो.

घरी सुमन चिडलीच. "नाही म्हणायचं होतंत ना!"

नाही म्हटलं असतं तर ते स्वतः बोलले असते, आणि सगळं चुकीचं सांगितलं असतं. तेवढं मात्र मला सोसलं नसतं.