घूमच्या फलाटावरील संकष्टी

आदिलाबाद, नोव्हेंबर १९८८, रविवार

साडूंनी आज पाहुण्यांसमोर आमच्या दार्जिलिंग सहलीतली घूमची गोष्ट पुन्हा हसत सांगितली. इतक्या उंचावरचे ते रेल्वेस्थानक, दाट धुके आणि आमच्या हिची, म्हणजे माझ्या पत्नीची, निर्जळी संकष्टी! धुक्यात चंद्र दिसेना, म्हणून ही पाणी घेईना. तेव्हा हे महाशय म्हणाले होते, “ताई, काऊन घाबरून राह्यल्या? चंद्र इथून हाताशीच आहे!” आणि ही फलाटावर कोसळली. यात हसण्यासारखे काय आहे? ते धुके अजून माझ्या छातीत आहे.

मी त्यांना थांबवणार, तोच ही माझ्याकडे बोट करून म्हणाली, “पुढचंबी सांगा ना, जवाईबुवा. यायनं मले पाणी पाजलं, तवा तुमी फोटो काढून राह्यले होते.”

साडू चहा अर्धाच टाकून उठले. मी त्यांना बसा म्हटले नाही.