दिव्यांच्या काचेतला घाम

शनिवार, दिवेलागणीनंतर

देवापुढं हात जोडले, पण ध्यान अंगणातल्या गाडीकडेच. बाजारातून आणून बसवलेल्या नव्या दिव्यांच्या काचा आजही आतून धुरकटलेल्या. पाणी शिरू नये म्हणून यांनी दिव्यांमागची भोकंच सिलिकॉननं बुजवली. पहाटे अंधारात दूध घेऊन मेहकरला जायचं, रस्ता कसा दिसेल?

मी म्हटलं, "आतल्या वाफेले वाट द्या."

म्हणाले, "तू भाकरी पाह्य. गाडी मले समजते."

मग भाकरीच पाहिली. गरम-गरम डब्यात घट्ट झाकली आणि जेवायला डबाच समोर ठेवला. झाकणाला घाम, भाकरी ओली. हे झाकणाकडे पाहत बसले, मग म्हणाले, "दाभण कुठं ठेवलं?"

आता बाहेर भोकं मोकळी करून राह्यले. ओल्या भाकरी माझ्या ताटात. टाकवत नाहीत.