स्क्रीनवरची खाचरं

३ नोव्हेंबर, सोम.
झेरॉक्सच्या दुकानातला कॉम्प्युटर बदलला. डबा तोच, आतलं बदललं. कॉलेजच्या पोरांच्या पेनड्राइव्हमधनं व्हायरस आला म्हणून मालक अण्णांनी पुतण्याला बोलावलं. रोहनदादा, हिंजवडीला कंपनीत हाय. त्यानं आख्खी जुनी सिस्टीम पुसली आन फुकटातली दुसरी टाकली. मी वर पुठ्ठे आणाया गेले होते तवर झालं पण.
माझी खाचरं गेली.

४ नोव्हें.
मामाच्या भातखाचरांचा फोटो होता स्क्रीनवर, मुळशीचा, डोंगरावरनं काढलेला. दोन वर्षं त्यावरच काम केलं. पोरांची फाइल आली की उचलून खाचरात ठेवायची. वरच्या खाचराला पाणी आधी, म्हणून आधी आलेल्याची फाइल वर. मग बांधाखालचं, मग त्याखालचं. कलर प्रिंटची चिंचेच्या कडंला. झालं की नदीत. जो लई टेचात बोलंल त्याची एकदम खालच्या खाचरात, तितं पाणी पोचस्तोवर संध्याकाळ. बसायचा मग कॅम्पसचा साहेब पायरीवर. कुणाला कधी कळलं न्हाई.
नाव वाचायचं कामच पडायचं न्हाई.

५ नोव्हें.
फोटो परत लावला. लागतो. पण त्याच्यावर काहीच ठेवता येत न्हाई. फाइल ओढून आणली की सुटून परत जाते. खालची पट्टी वर गेलीय, ती बी हलत न्हाई. खिडकी खाली सारायचं बटणच न्हाई, नुस्ती फुली. आज चारदा फुली दाबली आन चारदा सगळं बंद.
रोहनदादाला फोन केला. म्हणजे अण्णांनी करून माझ्या हातात दिला. मला फोनवर बोलता येत न्हाई नीट. म्हणलं, ते, वरती फायली ठेवाया...
"हितं डेस्कटॉप मोकळाच असतो. तशीच डिझाइन हाय."
म्हणलं माझं खाचरावर होतं सगळं.
"कशावर?"
सांगितलं. सांगाया नको होतं. फोन स्पीकरवर होता. तो म्हणला, "म्हशी पण बांधल्या होत्यास का गं?" अण्णा हसले, झेरॉक्सला उभी असलेली पोरं हसली. मी बी हसले. का हसले काय म्हाईत.

८ नोव्हें. शनि.
फायली सगळ्या एका यादीत पडतात आन आपोआप नावानं लागतात. नावं इंग्रजी. मला सुटी अक्षरं येतात, जोडून येत न्हाईत. त्यापायीच नववीत शाळा सोडली. बाई रोज उभं करून इंग्रजीचा धडा वाचाया लावायच्या आन वर्ग माझ्या थांबण्याची वाट बघायचा. अण्णांना कामाला लागताना सांगितलं होतं की येतं वाचाया.
सगळ्यांच्या नावात फायनल हाय. एवढं ओळखाया लागले. f i n. बाकी कुणाचं काय ते

१३ नोव्हें. गुरु.
झालं.
एका मुलीचा प्रोजेक्ट. पाच प्रती, काळं बायंडिंग, सोनेरी अक्षरं. तिनं दोन फायली पाठवल्या होत्या, फायनल आन फायनल फायनल. मी पहिली काढली. ती म्हणाली, "दीदी, पढ़ना आता है कि नहीं?" मी खाली बघितलं.
अण्णांनी खुर्ची वळवली. स्क्रीनवर बोट ठेवलं. म्हणले, "हे वाच."
दहाबारा पोरं असतील लायनीत. मी a म्हणलं. मग c. पुढं जुळंना.
"वाच की."
रुबिनाताई मागं स्पायरल मशीनवर होती, तिनं मशीन थांबवलं.
अण्णा लायनीकडं बघून म्हणले, "दोन वर्षं ही माझ्या मशीनवर आंधळ्यावानी दाबत होती." एकानं मोबाइल वर धरला होता. शूट करत असंल.
उद्यापास्नं मशीनवर रु. ताई. मी बायंडिंगला.

१४ नोव्हें.
आईला सांगितलं. आई हॉस्टेलच्या मेसला पोळ्या लाटते. म्हणली, "मग कशाला थांबतीस तितं, चल माझ्यासंगं, एक बाई पायजेच हाय त्यांना." मेसला तीच पोरं ताट घिऊन येणार. मला वाढाया लावणार. नगं.
मला ती खुर्ची परत पायजे.

१७ नोव्हें. सोम.
रु. ताई पिरंगुटची, बारावी झालेली, नवऱ्याचं मटणाचं दुकान होतं ते बंद पडलं म्हणून हितं लागली, सहा महिने झाले. भरभर वाचती. त्याचाच राग येतो. तिनं डबा खाताना विचारलं, "नंदे, ती तुझी खाचराची रीत नीट सांग की मला. गोंधळ मलाबी होतोय, सगळं फायनलच हाय मेलं."
सांगितली. पाणी कसं उतरतं ते बोटानं टेबलावर काढून दाखवलं. ती हसली न्हाई. म्हणली, "मग नावाच्या आधी आकडा टाकू. एक, दोन, तीन. यादी आकड्यानं लागंल. ऑर्डरच्या चिठ्ठीवर तोच आकडा. तुझं पाणी उतरलं की."
टाकून बघितलं. लागली यादी. वरनं खाली, बरोबर.
आकडे मला येतात. म्हणजे मीबी बसू शकते की त्या खुर्चीवर.

१८ नोव्हें.
रु. ताईनं अण्णांना सांगितलं, ही रीत नंदाची हाय, डोकं हाय पोरीला. अण्णा म्हणले, "डोकं हाय तर पुठ्ठे सरळ कापू दे आधी." तिनं परत काही म्हणलं न्हाई. म्हणाया पायजे होतं. का न्हाई म्हणली.
दिवसभर डिंक. बोटं चिकटून चामडी निघते.

२० नोव्हें. गुरु.
आज मी
उद्या लिहिते.

२१ नोव्हें. शुक्र.
लिहून टाकते.
काल दुपारी रु. ताई सोनेरी पट्टी आणाया अण्णांसंगं त्यांच्या गाडीवर गेली. दुकानात मी एकटी. खुर्चीत बसले. यादी होती एक ते नऊ. तीनचा सात केला, साताचा तीन. दोनदाच नाव बदललं. पाणी दुसऱ्याच्या खाचरात सोडतात तसं. मामानं एकदा सोडलं होतं चुलत्याचं, मारामारी झाली होती.
ती आली, चिठ्ठी बघितली, तीन नंबर, पाच प्रती, काढल्या. दोन्हीवर फायनलच. गर्दी एवढी होती की आत कुणी बघितलं न्हाई.
बायंडिंग मीच केलं. मला म्हाईत होतं आत दुसऱ्याचं हाय. कडा सरळ धरल्या, डिंक लावला, वर तीन नंबरवाल्या पोराचं नाव सोनेरी उठवलं. एवढं चांगलं बायंडिंग माझं आजवर झालं न्हवतं.
मला वाटलं पोरगा ओरडंल. अण्णांवर, तिच्यावर. बारकासा पोरगा, नांदेडकडचा. आज सकाळी तोंडी परीक्षेला कॉलेजात गेला आन तासाभरानं परत आला. ओरडला न्हाई. पायरीवर बसला. म्हणला, "सरांनी सगळ्यांसमोर उघडलं. चोरलं म्हणले." पाची प्रती मांडीवर. मग म्हणला, "पाणी आहे का?"
मी दिलं.
अण्णा रु. ताईला लई बोलले. ती एवढंच म्हणली, "अण्णा, मी आकडा बघूनच काढलं." स्क्रीनकडं बघत होती. माझ्याकडं बघितलं न्हाई. अण्णा म्हणले सोमवारपास्नं यायचं न्हाई.

२२ नोव्हें. शनि.
अण्णा म्हणले, "रीत तुझीच हाय ना? मग तूच बस. आकडे तरी वाचता येतात ना?"
बसले. चौदा फायली, एकबी चुकली न्हाई. रु. ताई आज शेवटचं म्हणून मागं पुठ्ठे कापत होती. एका फाइलचा आकडा टाकाया राहिला होता, मी अडले. तिनं न विचारता मागनं वाचून सांगितलं, "ती बँकवाल्या पोरीची हाय, सहा टाक." मी सहा टाकला.
जाताना तिनं कातर धुवून पुसून जागेवर ठेवली.
तो नांदेडचा पोरगा आला न्हाई. त्याची परत परीक्षा घेतात का काय ते म्हाईत न्हाई. कुणाला विचारू.

२३ नोव्हें. रवि.
सकाळी नऊला रु. ताईचा आवाजातला मेसेज. माझ्यासाठी ती कायम बोलूनच पाठवती, टाइप केलेलं इंग्रजी वाचाया लागू न्हाई म्हणून.
"नंदे, आकडे तू बदलले का गं? मी अण्णांना सांगणार न्हाई, शपथ. पण माझ्या हातनं झालं असंल तर मी दुसरीकडं असल्या कामाला लागणारच न्हाई. भ्या वाटतंय मला आता. तेवढं सांग फक्त."
मागं तिचं पोरगं रडत होतं.
तीनदा ऐकला. ऐकल्याची निळी खूण तिला दिसली असंल.
बोलून पाठवाया बटण दाबून धरलं. पहिल्यांदा नुस्ता श्वास आला. पुसला. दुसऱ्यांदा "ताई" एवढं आलं. पुसलं. आई मेसला निघाली, दारातनं म्हणली, "कुणाशी बोलतीस?" म्हणलं कुणाशी न्हाई.
आता दुपारचे बारा. तिसऱ्यांदा दाबून धरलंय, एका हातानं लिहितीय, वर सेकंद पळतायत. एकोणीस. वीस. अजून काही बोलले न्हाई.