संगणकाने पकडलेले त्रेसष्ट लबाड

३ जानेवारी १९९४, सोमवार
नववर्षाचे संकल्प. (१ तारखेलाच करणार होतो, पण डायरी आज मिळाली.) पाचला उठणे. मेहरूण तलावाला फेरी. संगणकावर याद्या ठेवायचे फॉक्सप्रो शिकणे.
पुढच्या महिन्यात आमच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्राची राज्यस्तरीय परिषद. येणाऱ्या निबंधांचे सारांश सांभाळायचे काम प्राचार्यांनी, म्हणजे नानांनी, माझ्याकडे दिले. मी सांगितले, सगळे संगणकावर करतो. विभागप्रमुखपदाची मुलाखत मार्चमध्ये. त्याआधी राज्य पातळीवर एक तरी निबंध वाचलेला हवा. सतरा वर्षांत योग आला नाही. आता परिषद घरची आणि संगणकही माझ्या हातात. चुकायला जागाच नाही.

७ जानेवारी, सकाळी ७.४०
पाचला उठलो नाही. थंडी. तलाव कुठे जात नाही.
संगणकाच्या खोलीबाहेर 'चपला बाहेर काढाव्यात' ही पाटी मीच लावली. आत गेल्यावर मोज्याला भोक असल्याचे कळले.
हेडक्लार्क हिलालभाऊ म्हणाले, आलेला प्रत्येक सारांश आधी आवक रजिस्टरात चढवू, मग तुम्ही मशीनमध्ये घाला. मी म्हटले, रजिस्टराचे दिवस संपले. ते "बरं सर" म्हणाले आणि रजिस्टराला नवीन खाकी कव्हर घालत बसले.

१४ जानेवारी
संक्रांत. खोलीत तिळगूळ वाटला. तेव्हापासून 'ए' दाबला की वर येत नाही.
प्रोग्राम पूर्ण! पुस्तकात लिहिले आहे की प्रत्येक नोंदीला एक ओळख हवी, म्हणजे तीच नोंद दोनदा शिरत नाही. मी आडनाव ठेवले. सुटसुटीत. तेच आडनाव पुन्हा आले की नोंद आपोआप बाद.
पहिला सारांश माझा: 'केळीच्या पानांवरील ठिपके'. पाटील, चु. भि. थेट संगणकात. रजिस्टरात दिला नाही. संगणक चालवणाऱ्याने रजिस्टरापुढे उभे राहणे बरे दिसत नाही.

२ फेब्रुवारी
मुदत संपली. एकूण चौऱ्याण्णव सारांश टाइप केले. टाइप करताना वाचत बसत नाही, वेग कमी होतो.
संगणकाने एकतीस ठेवले, त्रेसष्ट बाद! म्हणजे त्रेसष्ट जणांनी तोच सारांश दोनदा पाठवला. शिक्षकी पेशाची ही अवस्था. हाताने काम असते तर एकही सापडला नसता.
हिलालभाऊ यादी पाहून डोके खाजवत म्हणाले, "सर, आठे बठ्ठा पाटीलच शेतस." म्हणजे इथे बघावे तिकडे पाटीलच. मी समजावले, मशीन आडनाव बघून पक्षपात करत नाही.

४ फेब्रुवारी
त्रेसष्ट पत्रे गेली. 'आपण एकच सारांश दोनदा पाठवल्याचे संगणकाने उघड केले आहे. हे आपल्या पदास शोभत नाही.' शेवटचे वाक्य माझे.
एक पत्र आपल्याच कॉलेजच्या पत्त्यावरचे निघाले. हिलालभाऊंनी दोनदा विचारले, हे हातोहात देऊ का? म्हटले, द्या. नियम सगळ्यांना सारखा.

११ फेब्रुवारी
भडगावचे एक पाटील येऊन गेले. मग धुळ्याचे. मग नरडाण्याचे. तिघेही म्हणाले, एकदाच पाठवला हो. तिघांचे म्हणणे शब्दाला शब्द सारखे. संगनमत उघड आहे.
कॅन्टीनमध्ये नाना बराच वेळ माझ्याकडे बघत होते. मुलाखतीचा विचार चालू असावा.

२४ फेब्रुवारी
कार्यक्रमपत्रिका छापून काढली. काय समतोल! चौधरी एक, महाजन एक, जैन एक, पाटील एक. तो एक मीच. सकाळच्या पहिल्याच सत्रात, ताज्या श्रोत्यांपुढे.
संकल्प: उद्या पाचला उठून भाषणाची तयारी.

२५ फेब्रुवारी, सकाळी ९
सातला उठलो.

त्याच दिवशी, दुपारी ४
नानांनी बोलावले. टेबलावर माझे पत्र. शांतपणे म्हणाले, "चुडामणराव, मी दोनदा कधी पाठवला, ते तेवढं दाखवा."
नानांचे आडनाव पाटील, हे मला माहीत आहे. सतरा वर्षांपासून माहीत आहे.
संगणक बंद. परिषद हिलालभाऊंच्या रजिस्टराप्रमाणे होणार; बाद झालेल्यांना नानांनी केव्हाच बोलावणे धाडले होते. त्यात त्र्याण्णव नोंदी आहेत, सगळ्या तारखेवार. एका अर्थी माझ्या कामाचीच ही दुसरी प्रत. उद्या निबंध वाचला की सगळे निवळेल.

२६ फेब्रुवारी, शनिवार
हिलालभाऊ रजिस्टरातून नावे पुकारत होते, प्रत्येकाला दोनच मिनिटे. सदतीस पाटील उठून वाचून आले. नानाही. मी फाइल मांडीवर घेऊन त्र्याण्णवपर्यंत थांबलो. मग नानांकडे गेलो. ते म्हणाले, रजिस्टरात नोंद नाही, नियम सगळ्यांना सारखा. वाक्य ओळखीचे वाटले.
मुलाखत आता पुढच्या खेपेला.
मला जेवणाचे पास वाटायला बसवले. वरण-बट्टी आणि वांग्याची भाजी. पाटलांचे अडतीस पास सकाळीच मोजून घेतले होते, माझ्यासकट. सगळे पाटील पास घेऊन गेले. नावे बघत बसलो नाही, रांग मोठी होती. मी जेवायला उठलो, तर पास उरला नव्हता.
कुणीतरी पाटील दोनदा येऊन गेला. पण हे आता कुणाला सांगू?