सोवळ्यातली कुत्री

बाबा, मी कॉन्व्हेंट शाळेतून आले की तुम्ही जनावरांचा दवाखाना आटपून मागच्या नळावर हात धूत असायचात आणि मी टॉवेल घेऊन उभी राहायचे. "आज सिस्टरांनी काय शिकवलं?" "स्वच्छता." "त्यासाठी एवढं लांब कशाला जायचं? घरात आई आहे की!"

एकदा तिथेच एमआयडीसीतला एक वॉचमन त्याची कुत्री उचलून घेऊन आला. पाइपांचे सांधे तपासणाऱ्या यंत्रातला किरणोत्सर्गी स्रोत बाहेरच राहिला होता. शुक्रवारची कारखान्याची सुट्टी म्हणून माणसं वाचली. ही मात्र त्याच्याशेजारी दुपारभर झोपली होती. सारखी ओकत होती. शेजारच्या काकू ओरडल्या, "अहो, हिच्या अंगातून किरणं निघतील!" तुम्ही म्हणालात, "काकू, एक्स-रे काढून आलात तेव्हा तुम्ही चमकत होतात का?"

तिसऱ्या दिवशी ती भात खाते, शेपटी हलवते. आम्ही खूश, तुम्ही नाही. "हीच या आजाराची लबाडी. आता रक्तातल्या पांढऱ्या पेशी संपतील, मग नुसता मळका हातसुद्धा हिला मारेल." दवाखान्यात आजारी जनावरं, म्हणून तुम्ही आईकडे वळलात. "तुझं सोवळं दे हिला."

"कुत्रीला सोवळं? सासूबाई वरून बघतायत!"

"बघू देत. उकळलेलं पाणी, धुतलेलं वस्त्र, शिवाशीव नाही. तुझ्याशिवाय अंबरनाथमध्ये कोणाला जमणार?"

आई फुलली. "मग तुम्हीसुद्धा आंघोळ करूनच यायचं हं."

स्वयंपाकघरालगतच्या खोलीत तीन आठवडे सलाइन, इंजेक्शनं, आईची पेज. केस झडले, हिरड्यांतून रक्त आलं. जवळच्या सिंधी कॅम्पातले कापडवाले तिला रक्त द्यायला आपला अल्सेशियन घेऊन आले: "डॉक्टरसाब, खून ले लो, पर पहले बिस्किट खिलाओ, नहीं तो रूठेगा." आणि एका सकाळी मायक्रोस्कोपवरून मान वर न करताच तुम्ही ओरडलात, "अगं, आल्या! पेशी आल्या!" आई पळीसकट धावली, तुम्ही तिचे दोन्ही हात धरून तिला गोल फिरवलंत, आणि ती पुन्हा आंघोळ करायचं चक्क विसरली.

आता तुम्ही दोघं गेल्यावर, तुम्ही नंतर घेतलेल्या बदलापूरच्या घरात मी कपाटं आवरतेय. मायक्रोस्कोप भाचीला, ती गुरांची डॉक्टर झालीय. सुयांची स्टीलची डबी भावाला. आईचं रेशमी सोवळं माझ्या सुनेला, तिने त्याचा खुशाल ड्रेस शिवावा. हे पत्र मात्र माझ्याकडेच राहू दे. कारण मधे कुत्रीला ताप चढला आणि तुम्ही कारण शोधत बसलात, तेव्हा मी गप्प होते. आई न्हाणीघरात गेली की मी शाळेच्या कपड्यांतच त्या खोलीत जाऊन कुत्रीचे कान कुरवाळायचे, बाबा. रोज.